तोत्तोचानच्या गल्लीत युद्ध येतं तेव्हा

आष्टीतल्या माझ्या वयाच्या कुठल्याही पोट्ट्याला विचारा, शाळेतून आल्यावर टीव्हीवर काय पाहायचास? उत्तर ठरलेलं आहे. डोरेमॉन, शिनचॅन, निंजा हातोरी, परमॅन. सगळं हिंदीतून. त्यामुळे आमच्यापैकी बऱ्याच जणांचं हिंदी हे नोबिताचं हिंदी आहे, आणि 'जपानी' हा शब्द डोक्यात बसायच्या आधी नोबिताच्या घरामागचं ते तीन पाइप ठेवलेलं मोकळं मैदान बसलं. पुढे फोन आले, मग नारुतो आलं, वन पीस आलं, 'डीमन स्लेयर' आणि 'जुजुत्सु कायसेन' आलं, आणि जुनी चार नावं 'लहानपणीची कार्टून्स' म्हणून मागे पडली. ती अ‍ॅनिमे आहेत हेसुद्धा कित्येकांना फार उशिरा कळतं.

या चारही मालिका एकाच स्टुडिओने केल्या: शिन-एई अ‍ॅनिमेशन. याच स्टुडिओने ८ डिसेंबर २०२३ ला जपानमध्ये एक सिनेमा आणला, 'तोत्तोचान'. दिग्दर्शक शिन्नोसुके याकुवा. त्याने आधी २०१४ आणि २०१६ चे डोरेमॉनचे सिनेमे केले होते. म्हणजे हा माणूस आपल्या ओळखीचा आहे, फक्त नाव माहीत नव्हतं.

आणि तोत्तोचान तर मराठीच्या ओळखीची आहेच. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक जपानमध्ये १९८१ ला आलं आणि एकट्या जपानमध्ये त्याच्या ८० लाखांहून जास्त प्रती गेल्या. मराठीत चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला. पातळ, स्वस्त, कुणालाही भेट देता येईल असं पुस्तक. शिक्षकांच्या कपाटात, डीएड केलेल्या ताईच्या पिशवीत, शिबिरातल्या पुस्तकांच्या टेबलावर ते असतं. आमच्याकडे मात्र झालंय असं, की ज्यांनी पुस्तक वाचलंय ते अ‍ॅनिमे पाहत नाहीत आणि जे अ‍ॅनिमे पाहतात त्यांना हे पुस्तक 'मॅडमने वाचायला सांगितलेलं' म्हणून नकोसं वाटतं. सिनेमा या दोघांच्या मधोमध उभा आहे, आणि माझ्या मते त्याने पुस्तकातली एक अशी गोष्ट पुढे आणली आहे जिच्याकडे मराठी वाचकांचं फारसं लक्ष गेलं नाही. ती गोष्ट म्हणजे युद्ध.

आधी मराठी वाचनाबद्दल. तोत्तोचानला पहिल्या शाळेतून काढून टाकतात, कारण ती डेस्कचं झाकण सारखं उघडबंद करते आणि खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्र्यांना हाका मारते. मग आई तिला तोमोईत नेते. तिथे रेल्वेच्या जुन्या डब्यांत वर्ग भरतात. मुख्याध्यापक कोबायाशी तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. डब्यात एक पदार्थ समुद्राकडचा आणि एक डोंगराकडचा हवा, एवढाच त्यांचा नियम. शेती शिकवायला खरा शेतकरी येतो. हे सगळं वाचून शिक्षकाचा जीव हरखणारच. त्यात आपला जिल्हा वर्धा. तोमोई सुरू झाली १९३७ मध्ये, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याला ती शिक्षण परिषद भरली जिच्यातून नई तालीम निघाली. हाताने काम करत शिकणं, मातीत हात घालणं, मुलाला माणूस समजणं: सेवाग्रामच्या आसपास वाढलेल्या माणसाला तोमोई परकी वाटायचं कारणच नाही. म्हणून मराठीत तोत्तोचान हे शाळेचं पुस्तक झालं. चांगली शाळा कशी असावी याचं उत्तर त्यात शोधायचं, आणि मग आपल्या झेडपीच्या शाळेकडे बघून उसासा टाकायचा.

हे वाचन खोटं नाही. पुस्तकाचा कलही तसाच आहे. लहान लहान प्रकरणं, प्रत्येकात एक गंमत, एक शहाणपण. युद्ध त्यात हळूच येतं, शेवटाकडे जास्त, आणि लेखिका त्याबद्दल थोडंच बोलते. पण १९३७ या सालाला आणखी एक बाजू आहे. त्याच जुलैमध्ये जपानने चीनशी पूर्ण युद्ध सुरू केलं होतं. म्हणजे तोमोई ही शांततेच्या काळातली शाळा कधीच नव्हती. तिच्या पहिल्या वर्षापासून देश लढत होता. पुस्तकात ही गोष्ट पार्श्वभूमीला राहते. याकुवाने ती उचलून रस्त्यावर आणली.

आणि कशी आणली ते पाहण्यासारखं आहे, कारण त्यासाठी त्याने आपल्या स्टुडिओचीच सगळ्यात जुनी युक्ती वापरली.

डोरेमॉन किंवा शिनचॅन आठवा. त्यांची खरी ताकद गॅजेटमध्ये नाही. ती गल्लीत आहे. तेच घर, तोच जिना, तेच वळण, तेच मैदान, तेच तीन पाइप. शेकडो भागांमध्ये ही गल्ली एवढ्या वेळा दिसते की आपल्याला तिचा नकाशा काढता येईल. आणि ती कधीच बदलत नाही. नोबिता तोच, वर्ग तोच, मार्कही तेच. कितीही मोठं संकट येऊ दे, पुढच्या भागात सगळं जागेवर. लहानपणी हीच गोष्ट आपल्याला धीर द्यायची.

तोत्तोचानमध्येही अशीच गल्ली आहे. घर, स्टेशन, तिकीट घेणारा काका, शाळेचा रस्ता, शाळा. सिनेमा आपल्याला या वाटेवरून परत परत नेतो, अगदी मालिकेसारखा. पण इथे दर खेपेला काहीतरी बदललेलं असतं. सुरुवातीला तोत्तोला तिकीट इतकं आवडतं की ते काकाला परत द्यायला ती तयार नसते. नंतर एके दिवशी त्या जागी एक बाई उभी असते. काका कुठे गेला हे कुणी सांगत नाही. कॅमेरा थांबत नाही, उदास संगीत वाजत नाही. तोत्तो पुढे चालत राहते. स्टेशनवर नाणं टाकलं की कॅरमेलची डबी देणारं एक मशीन आहे. ते रिकामं होतं. ती नाणं टाकून पाहते, काही येत नाही. आईच्या छान कपड्यांवर रस्त्यात टोकलं जातं. घरात 'पापा-मामा' म्हणणारी मुलगी आता शुद्ध जपानी शब्दांनी आईबाबांना हाक मारायला लागते, कारण ते शब्द शत्रूच्या भाषेतले ठरले आहेत. आणि डबा. समुद्र आणि डोंगर यांनी भरलेला तो रंगीत डबा बघता बघता उतरत जातो.

यातल्या एकाही ठिकाणी सिनेमा म्हणत नाही, 'बघा, युद्ध आलं.' डोरेमॉनच्या गल्लीवर वाढलेल्या प्रेक्षकाला ते सांगावं लागत नाही. आपल्याला गल्ली वाचता येते. एक वस्तू हलली तरी डोळ्याला खुपतं. मला वाटतं, म्हणूनच हा सिनेमा कुठल्याही समीक्षकापेक्षा हंगामा टीव्हीवर वाढलेल्या पोराला जास्त नीट दिसू शकतो.

आता पावसाचा प्रसंग. हा सिनेमातला माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा प्रसंग आहे, म्हणून जरा थांबतो.

तोमोईत जेवणाआधी मुलं एक गाणं म्हणतात, नीट चावून खा अशा अर्थाचं. पुस्तकात ते गोड वाटतं, बस. सिनेमात तोत्तो आणि तिचा मित्र यासुआकी, ज्याला पोलिओ आहे, पावसात उभे आहेत आणि दोघांनाही भूक लागली आहे. खायला काही नाही, म्हणून ते खाण्याचं गाणं म्हणतात. एवढ्यात एक मोठा माणूस त्यांना झापतो. सैनिक लढतायत आणि तुम्ही हावरटासारखी गाणी म्हणता? तोत्तो रडवेली होते. गाणं बंद. मग यासुआकी, ज्याचा एक पाय नीट चालत नाही, साचलेल्या पाण्यात पाय आपटतो. छप. पुन्हा छप. त्याच गाण्याचा ताल, शब्दांशिवाय. तोत्तोही आपटायला लागते. पाऊस, छत्र्या, दिवे, रस्त्यावरचं पाणी, सगळं मिळून नाच होतो. त्यांच्या तोंडातून एक अक्षर निघत नाही, त्यामुळे त्यांना कुणी काही म्हणू शकत नाही.

याच्यामागे तोमोईचं शिक्षण आहे. कोबायाशी सरांनी युरोपात जाऊन दालक्रोझ यांची पद्धत शिकून घेतली होती: संगीत अंगाने ऐकायचं, पावलांनी मोजायचं. मराठीतल्या शिक्षणाच्या लेखांमध्ये हिला 'तालबद्ध हालचालींतून शिक्षण' वगैरे म्हणतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. सिनेमाने दाखवलं की त्या शिक्षणाचा उपयोग काय. शब्द काढून घेतले तरी ताल मुलांकडे राहिला. ज्या मुलाच्या शरीराला बाहेरचं जग कमी लेखतं, त्यानेच तो आधी शोधला. शाळेचं पुस्तक आणि युद्धाचं पुस्तक या प्रसंगात एकत्र येतात, आणि ते एका संवादाशिवाय. असं पुस्तकात होऊ शकत नाही. ही अ‍ॅनिमेशनचीच कमाई आहे.

आमच्यातल्या फॅन लोकांची या सिनेमाबद्दल तक्रार असते ती वेगळी. 'स्लो आहे.' 'पोरांचे ओठ असे लाल का?' ओठांचं आधी सांगतो. गालांवर आणि ओठांवर चढवलेला तो रंग त्या काळातल्या जपानी बालचित्रांच्या वळणाचा आहे. पाच-दहा मिनिटं विचित्र वाटतं, मग डोळा सरावतो. आणि नंतर, जेव्हा मुलांचं खाणं कमी होतं, तेव्हा तोच रंग त्रास द्यायला लागतो.

संथपणाबद्दल मात्र भांडायला हवं. आपल्याकडे गंभीर अ‍ॅनिमे म्हणजे रक्त अशी समजूत आहे. युद्धाचं अ‍ॅनिमे म्हटलं की 'अटॅक ऑन टायटन'चं नाव निघतं, आणि ते मोठं काम आहेच. पण तिथे युद्ध भिंत फोडून येतं. पहिल्याच भागात कळतं की आपण संकटात आहोत. तोत्तोचानमध्ये भिंत फुटतच नाही. शेजारीपाजारी, दुकानदार, रस्त्यावरचा तो रागावणारा माणूस, हे सगळे मिळून युद्ध आत घेतात, रोज थोडं थोडं, आणि प्रत्येकाला वाटतं आपण सभ्यपणे वागतोय. मला हे टायटनपेक्षा जास्त भीतीदायक वाटलं. दुसरं नाव निघतं ते ताकाहाता यांच्या १९८८ च्या 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'चं. कोण रडला, कोण नाही, याची ती परीक्षाच झाली आहे. तिथे दोन भावंडं समाजातून बाहेर पडतात आणि मरतात. इथे कुणीच बाहेर पडत नाही, सगळे समाजातच राहतात. बापाचा एकच अपवाद. तो व्हायोलिन वाजवतो. कारखान्यात जाऊन लष्करी गाणी वाजवली तर तांदूळ, साखर मिळेल, असं त्याला सांगितलं जातं. घरात उपाशी मुलगी आहे. तो नाही म्हणतो, आणि त्याचं कुणी कौतुक करत नाही. प्रसंग छोटा आहे, पण लक्षात राहतो.

यासुआकीच्या मृत्यूनंतरची धाव हा या सिनेमाचा सगळ्यात चर्चेतला भाग. तोत्तो अंत्यविधीतून निघते आणि धावत सुटते. रस्त्यात सैनिकांना निरोप देणारी मिरवणूक आहे, झेंडे आहेत, लाकडी बंदुका घेऊन खेळणारी पोरं आहेत. ती उलट दिशेने पळते आणि तिला दिसतं: एक पाय गेलेला सैनिक, अस्थी घेतलेली बाई. इतका वेळ ज्या वस्तू एकेक करून गायब होत होत्या त्या कुठे जात होत्या, हे तिला एका दमात कळतं. इथे माझी एक शंका आहे. यासुआकी आजाराने गेला, युद्धाने नाही. त्याच्या मरणावर सगळ्या युद्धाचा भार टाकणं मला किंचित जड वाटलं. दिग्दर्शकाने पहिल्यांदाच आपला हात दाखवला. पण तिची धाव काढलेली इतकी अप्रतिम आहे, मुलीचं अंग, श्वास, अडखळणं, की शंका पाहताना येत नाही. नंतर येते.

याहून मोठी अडचण दुसरी आहे, आणि ती वर्ध्यातून जास्त स्पष्ट दिसते.

कुरोयानागी यांचा जन्म ९ ऑगस्ट १९३३ चा. म्हणजे ९ ऑगस्ट १९४२ ला, जेव्हा इकडे 'भारत छोडो'ची धरपकड सुरू झाली, तेव्हा खरी तोत्तो नऊ वर्षांची झाली. त्यानंतर आठवड्याने, १६ ऑगस्टला, आष्टीच्या पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली. आमच्या गावाची ओळख त्या तारखेवर उभी आहे. दर ऑगस्टला आम्ही ती साजरी करतो. आणि त्याच्या तीनेक आठवडे आधी, २६ जुलैच्या 'हरिजन'मध्ये, सेवाग्रामहून लिहिलेलं गांधीजींचं एक पत्र छापलं गेलं. प्रत्येक जपानी माणसाला उद्देशून. त्यात त्यांनी ब्रिटिशांशी असलेलं आपलं भांडण लपवलं नाही, पण जपानलाही स्पष्ट सांगितलं की चीनवरचा तुमचा हल्ला अन्याय आहे आणि तुम्ही इथे मुक्तिदाते म्हणून येऊ नका. आश्रमात राहून गेलेल्या जपानी भिक्षूंची आठवणही त्यांनी त्यात प्रेमाने काढली आहे. शत्रू कोण, मित्र कोण याचा हिशेब एवढा गुंतलेला असताना लिहिलेलं ते पत्र तोमोईच्या कुठल्या पालकापर्यंत पोचलं असण्याची शक्यता शून्य. पण आज आपण, त्या जिल्ह्यातले प्रेक्षक, सिनेमा पाहताना ते बाजूला ठेवू शकत नाही.

कारण सिनेमा तोत्तोच्या डोळ्यांना चिकटून राहतो. तीच त्याची ताकद आणि तीच मर्यादा. तिला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं: रिकामं मशीन, उतरलेला डबा, गेलेला काका. तो काका जिथे पाठवला गेला तिथे त्याने काय केलं असेल, हे तिला दिसू शकत नाही. चीन, कोरिया, ब्रह्मदेश पडद्याबाहेर राहतात. जपानी युद्ध-सिनेमांवर हा आक्षेप जुना आहे, की त्यांत जपानी माणूस सोसणाराच असतो. तोत्तोचान त्यातून अर्धा सुटतो, कारण त्याने घरच्या समाजाचा होकार दाखवला. उरलेलं अर्धं तसंच राहतं.

गंमत म्हणजे या अर्ध्यासाठी पुस्तकात एक दार होतं. त्यात मासाओ नावाच्या कोरियन मुलाचं एक छोटं प्रकरण आहे. तो तोत्तोला पाहून ओरडतो, 'कोरियन!' तिला अर्थ कळत नाही. घरी आल्यावर आई तिला समजावते: त्याला लोक हाच शब्द शिवीसारखा वापरतात, म्हणून त्याला वाटतं ही शिवीच आहे. जो शब्द त्याला मारतो तोच तो दुसऱ्यावर फेकतो. आपल्याकडे हे प्रकरण वर्गात वाचून दाखवताना शिक्षक काय सांगत असतील याची मला उत्सुकता आहे. गावात जातीचं नाव शिवी म्हणून ऐकत मोठं झालेलं पोरगं समोर बसलेलं असतं, आणि त्याला जपान वगैरे समजावून सांगावं लागत नाही. दोन पानांत पुस्तकाने साम्राज्य दाखवलं, तेही मुलीच्या डोळ्यांपासून न हलता.

शेवटाबद्दल एक गोष्ट. १९४५ च्या हवाई हल्ल्यात तोमोई जळते. कोबायाशी सर जळत्या शाळेकडे बघत मुलाला विचारतात, आता पुढची शाळा कशी बांधायची? मराठीत हा प्रसंग भाषणांमध्ये हमखास येतो: बघा, जिद्द! सिनेमात आवाज आहे कोजी याकुशो या मुरलेल्या नटाचा, आणि चेहरा जवळून दाखवला आहे. डोळ्यांत ज्वाळा आहेत. त्या चेहऱ्यात जिद्द आहे का? असेल. पण मला तो माणूस भानावर असल्यासारखा वाटला नाही. त्याने सगळी वर्षं मुलांभोवती एक कुंपण धरून ठेवलं होतं, बाहेर काय चाललंय ते ठाऊक असून, आणि ते कुंपण विमानांनी वरून जाळलं. युद्धानंतर त्यांनी बालवाडी चालवली. तोमोईची शाळा मात्र पुन्हा उभी राहिली नाही. १९६३ ला ते गेले.